कांताच्या कोपीवर आलेली सिस्टर

ज्या बाईचं निम्मं आयुष्य लेबर रूममध्ये गेलंय, तिला भुताखेतांना घाबरायला सवड नसते. मी नर्स आहे. नेवासा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. अंगात येणं, बाहेरची बाधा, नजर... असलं काही घेऊन बायका माझ्याकडे आल्या की मी आधी त्यांचं हिमोग्लोबिन बघते. त्यामुळे खालचं सगळं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण इथं लिहिणाऱ्यांना कुणी हसत नाही असं दिसलं, म्हणून लिहिते.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं.

आम्ही जामखेडकडचे. दसरा झाला की आई-वडील कोयत्यावर जायचे, म्हणजे ऊसतोडीला. एका वर्षी त्यांची टोळी श्रीरामपूरच्या बाजूला होती. तिथं कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, एक सिस्टर यायच्या — नर्स नव्हे, चर्चच्या सिस्टर. फिकट करडी साडी, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात दोऱ्याला लाकडी क्रूस. सिस्टर रोझलिन. त्यांनी आईच्या मागं लागून मला आपल्या होस्टेलवर नेलं. तिथं आमच्यासारख्याच पोरी होत्या, सगळ्या ऊसतोड्यांच्या. तेव्हापासून दर हंगामात मी तिथंच राहू लागले.

त्या घरात चार सिस्टर राहायच्या. एक शाळेत शिकवायची, एक स्वयंपाक आणि गाई बघायची, एक वस्त्यांवर बायकांचे गट चालवायची. सिस्टर रोझलिन दवाखाना सांभाळायच्या आणि बाळंतपणं करायच्या. आम्ही अंथरुणात असतानाच भिंतीपलीकडून त्यांच्या प्रार्थनेचं गाणं ऐकू यायचं. चौघींचे आवाज वेगवेगळे, पण निघायचा एकच. दुपारी त्या चौघी एकत्र जेवायच्या, संध्याकाळी जपमाळ, आणि मग थोडा वेळ कॅरम. कॅरममध्ये सिस्टर रोझलिन उघड उघड चीटिंग करायच्या आणि बाकीच्या तिघी त्यांना ओरडायच्या. आम्हाला कुणी कधी धर्म बदला म्हटलं नाही. दिवाळीला पणत्या आम्हीच लावायचो, तेल त्या द्यायच्या.

त्या केरळच्या. मराठी अशी की हसून मुरकुंडी वळावी. 'तो भाकरी खा', 'तुझा वेणी नीट घाल'. रविवारी ओट्यावर बसवून आमच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, आणि काढता काढता त्यांच्या भाषेतलं काहीतरी गुणगुणायच्या. आई सहा महिने दिसायची नाही तेव्हा... त्या हातांना डेटॉल आणि खोबरेल तेलाचा वास यायचा. अजून कुठं तो वास आला की मी क्षणभर थांबते.

मी आठवीत असताना त्यांची बदली झाली. सिस्टर लोकांचं तसंच असतं, वरून सांगितलं की निघायचं. आम्ही उन्हाळ्यात गावी गेलेलो. दसऱ्यानंतर परत आले तर दवाखान्यात दुसरीच सिस्टर. निरोप वगैरे काही झालाच नाही. पुढे नर्सिंगला गेले, नोकरी लागली, लग्न झालं. त्यांना शोधायचा फार प्रयत्न केला. पण रोझलिन हे त्यांचं सिस्टर झाल्यावरचं नाव, घरचं नाव मला माहीत नाही. गाव माहीत नाही. फेसबुकवर कसं शोधणार? त्यांची संस्था मोठी, होस्टेलवरच्या नव्या सिस्टरांनाही नक्की माहीत नव्हतं, कुणी म्हणे ओडिशात आहेत, कुणी म्हणे आफ्रिकेत. हळूहळू विचारणं थांबलं. आठवण थांबली नाही.

आता मूळ गोष्ट.

गेल्या हंगामातली. दुपारची वेळ, लख्ख ऊन. आमच्या आशाताईंचा फोन आला — कॅनॉलच्या कडेच्या कोप्यांवर कांता नावाची बाई अडली आहे, नवरा ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेलाय, सगळी टोळी लांबच्या उसाच्या फडात, कोपीवर फक्त ती आणि सासू. अँब्युलन्सला वेळ लागणार होता. आशाताई स्वतः दुसऱ्या गावात लसीकरणाला. मी किट घेऊन स्कूटी काढली.

त्या दिवशी घोडेगावचा जनावरांचा बाजार. रस्ताभर टेम्पो, त्यात एक उसाची ट्रॉली आडवी झालेली. मी अडकले ते अडकलेच. कांताची फाइल मला पाठ होती. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, अंगात रक्त कमी. शेवटी शेतातून गाडी घातली.

कोपीवर पोचले तर आरडाओरडा नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

आत वाकून बघितलं. कांता वाकळेवर टेकून बसलेली. छातीशी उघडं बाळ, वरून तिचाच धुतलेला पदर पांघरलेला. नाळ दोन ठिकाणी स्वच्छ दोऱ्यानं बांधलेली, कापलेली नाही. कापायचं काम जणू माझ्यासाठी ठेवलेलं. आम्हाला शिकवतात ना, अगदी तसं.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"तुमच्यातल्या सिस्टर आल्त्या की," कांता म्हणाली. "आत्ताच गेल्या."

मला वाटलं प्राथमिक आरोग्य केंद्रातून कुणी आलं असेल. मी हातमोजे घातले, नाळ कापली, वार पडायची वाट बघत बसले. तेवढ्यात सासू बोलायला लागली.

"लेकराच्या मानंला वेढा हुता बाई. निळं पडलं हुतं. रडंना. त्या बाईनं वेढा काढला, पाठ चोळली, त्वांडात बोट घातलं, तवा रडलं. लई गुनाची बाई."

"कशी होती दिसायला?"

"राखंच्या रंगाची साडी. हे जाड भिंगाचा चष्मा. गळ्यात लाकडाची फुली."

मी स्वतःलाच म्हटलं, जवळपास कॉन्व्हेंट आहेत, कुणीतरी आली असेल.

"म्हातारी होती का?"

"न्हाई वं. तुमच्यापरीस जरा मोठी. पर बोलनं येडंवाकडं. आन खुळ्यासारकं काय बी बोलायची." सासू हसली. "हिला म्हनली, भिऊ नको, माझा मोठा मोळी येतोय. म्या म्हनलं, हितं पोरगी अडलीया आन ही बया उसाची मोळी कशाला आनतीया."

हे वाचणाऱ्यांना काही वाटणार नाही. पण केरळच्या भाषेत लेकीला 'मोळे' म्हणतात. सिस्टर रोझलिन आम्हा सगळ्या पोरींना तीच हाक मारायच्या. आणि आम्ही पडलो ऊसतोड्यांच्या पोरी, आम्हाला ऐकू यायचं 'मोळी'. आम्हाला वाटायचं, या आपल्याला उसाची मोळी म्हणतात. मी सगळ्यांत थोराड, म्हणून मी 'मोठा मोळी'. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे माहीत नव्हतं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं?

वार पडली, रक्तस्राव आटोक्यात होता. मी कांताचं बीपी घेतलं, आणि मग विचारलं, "कुठल्या बाजूला गेल्या?"

"ह्या कॅनॉलच्या वाटंनं. पानी पिल्या न् निघाल्या. तुमची गाडी वाजली तवा त्या दारात हुत्या."

मी तशीच हातमोजे घालून धावत कॅनॉलवर गेले. दोन्ही बाजूंना तोडलेला ऊस, सपाट रान. लांबपर्यंत माणूस दिसावं असं. कुणी नव्हतं. मी हाक मारली. एका लेकराची आई असलेली मी, रक्ताळलेल्या हातांनी, भर उन्हात 'सिस्टर, सिस्टर' करत उभी होते.

अँब्युलन्स आली, कांता आणि बाळ दोघंही दवाखान्यात व्यवस्थित पोचले.

नंतर मी जवळपासच्या सगळ्या कॉन्व्हेंटमध्ये विचारलं. त्या दिवशी कुणीच त्या बाजूला गेलं नव्हतं. शेवटी श्रीरामपूरजवळच्या माझ्या जुन्या होस्टेलवर गेले. आता तिथं दोनच सिस्टर राहतात. प्रमुख आहेत सिस्टर लिलियन, वसईकडच्या, माझ्यापेक्षाही लहान. कोपीवरचं मी त्यांना काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं की सिस्टर रोझलिन कुठं असतात. मनात धाकधूक होती. अशा गोष्टींत माणूस नेमकं त्याच दिवशी गेलेलं असतं ना?

"आहेत की," सिस्टर लिलियन म्हणाल्या. "केरळात, आमच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात. पण बऱ्याच वर्षांपासून अंथरुणावर आहेत. कुणाला ओळखत नाहीत. तुम्हाला बघायचंय का?"

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडच्या एका सिस्टरनं फोन पलंगाजवळ नेला. मूठभर झालेला चेहरा. चष्मा नाही. मी नाव सांगितलं, होस्टेल सांगितलं, कॅरमसुद्धा सांगितला. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण खिडकीबाहेर बघावं तशा. मी 'मोठा मोळी' म्हणून बघितलं. काही नाही.

मग त्यांचे ओठ हलले. मराठीत म्हणाल्या, "बाळ रडला का?"

मी म्हणाले, "रडलं, सिस्टर."

त्यांनी मान डोलावली आणि डोळे मिटले.

फोन धरणारी सिस्टर इंग्लिशमध्ये सांगत होती — हे त्या कधी कधी सगळ्यांनाच विचारतात, आम्हाला अर्थ कळत नाही. म्हणजे त्यातूनही काही सिद्ध होत नाही. ती बाई आयुष्यभर बाळंतपणं करत होती, तेवढंच शिल्लक राहिलं असेल. मी हे शंभरदा स्वतःला समजावलंय. पण नाळ कुणी बांधली? आणि तो शब्द?

भीती मात्र कधीच वाटली नाही. वाटतो तो हेवा. कांतानं त्यांचे हात अनुभवले, सासूनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. मी इतकी वर्षं ज्यांना शोधत होते, त्या दारात उभ्या राहून माझ्या गाडीचा आवाज ऐकून निघून गेल्या. थांबल्या का नाहीत?

यंदाही टोळ्या आल्यात. कोप्यांवरून फोन आला की मी स्कूटी जरा जोरातच पळवते. आशाताई म्हणतात, "मॅडम, पेशंटसाठी किती जीव तोडता तुम्ही." मी किट उचलते. पेशंटसाठी तर असतंच... पण खरं सांगायचं तर, फक्त पेशंटसाठी नसतं.