माझ्या पर्समधला सर्व्हर आणि भाऊबीज

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कोणी मला ताईत-गंड्यांचे सल्ले पाठवणार नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हे घडण्याआधी नव्हता आणि घडून गेल्यावरही नाही. लहानपणी आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर एक मोहाचं झाड होतं. त्यावर भूत आहे, भर दुपारी त्याच्याखालून जाऊ नये म्हणायचे. मी मुद्दाम जायचे, आणि परत येऊन शेजारणींना सांगायचे — भेटलं होतं, तुमची चौकशी करून राहिलं होतं. दोघींनी तर नंतर अंगारा लावून घेतला होता. तर मी ही अशी. आता ऐका.

साकोलीला हायवेच्या कडेला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी तिथेच माझा नेट कॅफे होता. मागच्या खोलीत टेबलाखाली एक जुनं मशीन कायम चालू असतं, त्यावर लिनक्स. आणि त्या लिनक्सवर चालतो गाड्यांच्या शर्यतीच्या एका फुकट गेमचा सर्व्हर. नाव ठेवलंय ‘झाडीपट्टी शंकरपट’. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. गेममध्ये बैल नाहीत, जीपगाड्या आहेत, पण रस्ता मी स्वतः बसून बनवलाय — दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्ये तलावाची पाळ, शेवटी सरळ मातीची दाण, म्हणजे पटाची धावपट्टी. पन्नाशीची बाई गेम खेळते म्हणून हसायचं असेल तर हसा. मी थांबते.

हसून झालं? बरं.

हा सर्व्हर मी जगासाठी चालवत नाही. एका माणसासाठी चालवते — माझा धाकटा भाऊ पुरुषोत्तम, आमचा पुरू. तो मोहाडीजवळ आमच्या गावी राहतो, धान करतो, शिवाय मोहाडीत त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. नेट कॅफेच्या दिवसांत तो माझ्याकडेच राहून आयटीआय करत होता. गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून हाच गेम खेळायचो आणि एकमेकांना यथेच्छ शिव्या द्यायचो.

मग बाबा गेले आणि हक्कसोड पत्राचा विषय निघाला. आमच्याकडे बहिणीनं सही करून जमिनीतला वाटा भावाला सोडायचा आणि भावानं तिचं माहेर चालू ठेवायचं, असा रिवाज. सगळ्या करतात. मी केली नाही. माझ्या बापाच्या बांध्यांतला माझा वाटा मी का सोडावा? हे मी भर बैठकीत विचारलं, मोठ्या आवाजात. त्या दिवसापासून पुरूनं माझा फोन नंबर ब्लॉक केला. भाऊबीजेला येणं बंद. आमच्या घरी कोणाकरवी निरोपसुद्धा नाही.

पण रविवारी दुपारी सर्व्हरवर एक गाडी यायची. नाव — पुरू. मी माझ्या गाडीत बसायचे, नाव — ताई. शर्यत लावायचो. एक अक्षर टाइप करायचो नाही. तीन-चार शर्यती झाल्या की तो निघून जायचा. आणि भाऊबीजेला, वार कोणताही असो, दुपारी तो यायचाच. ओवाळणी नाही, बोलणं नाही, पण यायचा. तेवढाच एक धागा उरला होता, आणि तो कोणत्या गोष्टीवर टिकून होता ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझ्या दुकानातल्या इंटरनेटचा पत्ता सारखा बदलत असतो. पुरूला तो कळणार कसा? तर या गेमची इंटरनेटवर एक यादी आहे. जगात जे-जे सर्व्हर चालू आहेत ते तिथे दिसतात. माझा सर्व्हर थोड्या-थोड्या वेळानं त्या यादीला हाक मारतो, ‘मी आहे, या पत्त्यावर आहे’. यादी उलट येऊन दार ठोठावते, ‘खरंच आहेस का?’. दार उघडलं की नाव लागतं. पुरू यादी उघडतो, ‘झाडीपट्टी शंकरपट’वर क्लिक करतो, आत येतो.

दिवाळीच्या तोंडावर एका रविवारी तो आला नाही. मी यादी उघडली… आणि माझा सर्व्हर यादीत नाही.

माझं पहिलं म्हणणं असं की, दोष माझा नाही. सर्व्हर चालू होता. सेटिंगमध्ये ‘सार्वजनिक’ असं स्पष्ट लिहिलेलं. फायरवॉल पाहिली, पोर्ट उघडा. राऊटरमध्ये त्या पोर्टवर येणारी डेटाची पाकिटं याच मशीनकडे पाठव असं सांगितलेलं, ते जागच्या जागी. तरी मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. गेमचं नवं व्हर्जन चढवलं, मग चिडून जुनं परत आणलं. शेवटी तारेवरून काय येतं-जातं तेच बघत बसले. माझ्या सर्व्हरची हाक बाहेर जात होती, अगदी नियमित. दारावरची थाप मात्र येतच नव्हती. एकही नाही.

मग लक्षात आलं. राऊटरला मिळालेला पत्ता एक, आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता भलताच. नेटवाल्याला फोन लावला.

“मॅडम, आता सगळ्यायले एकच पत्ता वाटून देल्ला आहे,” तो म्हणाला. “पूर्ण लाइनले एक.”

“म्हणजे माझ्या दारावर थाप मारायची तर ती कोणाच्या दारावर पडन?”

“कोणाच्याच नाही.”

“मले माझा वेगळा पत्ता पाहिजे.”

“भेटते नं मॅडम. दिवाळीनंतर. सध्या ऑफिसले कोणीच नाही.”

दिवाळीनंतर म्हणजे भाऊबीजेनंतर. एका रविवारचं चालून गेलं, पण भाऊबीजेलाही पुरू यादी उघडणार, ताईचा सर्व्हर नाही, आणि तो काय समजणार? ताईनं उरलेलं दारही लावून घेतलं. त्याचा स्वभाव मला माहीत आहे, कारण तोच माझा आहे. तो पुन्हा यादी उघडून बघणार नाही.

आमचे हे, विनायकराव, दुकानात चहा घेऊन आले.

“गाडीनं तासा-दीड तासात मोहाडी येते,” ते म्हणाले. “सरळ जाऊन सांगून काहून नाही येत, की बाबा, नेट खराब आहे?”

“तीन वर्षं तो नाही आला. मी काहून जाऊ?”

“तो येते नं. दर रविवारी येते.”

“मंग मी बी तिथंच भेटन त्याले.”

“तुमच्या दोघांच्या मधात त्या मशीनचं मरण आहे,” असं म्हणून ते चहाचा कप घेऊन गेले. माझाही.

भाऊबीजेला आम्हाला कारध्याला जायचं होतं, ह्यांच्या बहिणीकडे. सुमनताईंकडचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं, त्यांचा पत्ता स्वतंत्र आहे हे मला ठाऊक होतं. मी बेत केला. सकाळी मशीन बंद केलं, उघडलं, आतली डिस्क काढली, रुमालात गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. सुमनताईंच्या कॉम्प्युटरमध्ये ही डिस्क लावायची, की सर्व्हर कारध्याहून चालू. पुरूला यादीत नाव दिसेल, बस. दुकानाचा मेन स्विच पाडला, शटर ओढलं, कुलूप लावलं. हे नीट लक्षात ठेवा. मशीन साकोलीत, उघडं, बिनाडिस्कचं, विजेशिवाय. डिस्क माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खांद्यावर.

कारध्याला पोचल्यावर कळलं की सुमनताईंचा कॉम्प्युटर त्यांच्या लेकीनं पुण्याला नेलाय.

“फोनवर नाही का होत तुझं ते?” सुमनताईंनी विचारलं.

“नाही होत.”

“मंग पुऱ्या लाट. घरात आल्यापासून त्या पर्सले लेकरासारखी धरून बसली आहेस.”

मी पुऱ्या लाटल्या. इतक्या रागानं लाटल्या की एकही फुगली नाही. ह्यांना ओवाळलं गेलं, जेवणं झाली, दुपार सरली. मी वैनगंगेकडे तोंड करून अंगणात बसले होते आणि मनात नेटवाल्याच्या सात पिढ्यांशी बोलत होते.

दिवे लागायच्या सुमारास फोन वाजला. स्क्रीनवर नाव — पुरू.

मी उचलला. त्याचा आवाज, जरासा बसलेला.

“ताई, तू परत काहून आलीस?”

“कुठं परत आली?”

“दुपारी. मी हरलो, तू पुढं पोचली. अन् मंग गाडी वळवून परत आलीस माह्यासाठी.”

मला वाटलं तो प्यायलाय. तसं विचारलंही. तो चिडला आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दुपारी दुकानात बसून त्यानं यादी उघडली. आमचा सर्व्हर होता, नेहमीसारखा. आत एकच गाडी, नाव — ताई. शर्यत लागली. पाळीच्या वळणावर त्याची गाडी बांधीत उतरली आणि अडकली. समोरची गाडी शेवटच्या रेषेपर्यंत गेली, थांबली, वळली, उलटी सगळा रस्ता परत आली आणि त्याच्या बाजूला उभी राहिली. तो बांधीतून निघाल्यावर दोघं हळूहळू, चाकाला चाक लावून, रेषेपर्यंत गेले.

आता तुम्हाला कळावं म्हणून सांगते. आमचे बाबा पटाचे धुरकरी होते, जोडी हाकायचे. पट जिंकला की बाकीचे गुलाल उधळतात. बाबा आपली जोडी वळवून मागे जायचे आणि हरलेल्याच्या सोबत चालत परत यायचे. लोक हसायचे त्यांना. त्यांच्याखेरीज असं करताना मी कोणाला बघितलं नाही.

“तू असं कधीच केलं नाहीस,” पुरू म्हणाला. “तू जिंकली की हॉर्न वाजवत बसतेस.”

“पुरू—”

“उद्या येऊन राहिलो मी. ओवाळशीन का नाही तेवढं सांग.”

इथे मी गप्प बसले असते तर सगळं सोपं होतं. तीन वर्षांनी भाऊ येतो म्हणतोय. पण जे मी केलं नाही त्याचं श्रेय घेणं मला जमत नाही, आणि त्या जोरावर भाऊ परत मिळवणं तर मुळीच नाही.

“ओवाळीन,” मी म्हटलं. “पण ते मी नव्हती. सर्व्हर बंद आहे. डिस्क माह्या पर्समध्ये आहे, अन् मी कारध्याले आहो.”

तो म्हणाला, “कबूल नाही करायचं तर नको करू. तुही अकड मले मालूम आहे.”

आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आला. मी आधी त्याला दुकानात नेलं, शटर उघडलं, उघडं मशीन दाखवलं, पर्समधून डिस्क काढून हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. तेव्हा कुठे त्याला माझं खरं वाटलं. डिस्क लावून नोंदी पाहिल्या. आदल्या सकाळी मी बंद केल्यानंतर काही नाही. कोणी माझ्या सर्व्हरची नक्कल चालवली म्हणावं, तर तो रस्ता मी कोणाला दिलेला नाही, फक्त पुरूच्या मशीनवर त्याची प्रत आहे. मग मी म्हटलं, तू घरच्या घरी कॉम्प्युटरविरुद्ध खेळला असशील. तर म्हणाला, कॉम्प्युटरची गाडी परत येते का? नाही येत. त्या गेममधल्या गाड्या फक्त पुढे जातात, त्यांचा कोड मी वाचलाय. त्याच्या मोहाडीच्या मशीनवरही आम्ही नंतर दिवसभर घालवला. हाती काही लागलं नाही. नेटवाल्यानं पुढे वेगळा पत्ता दिला, सर्व्हर यादीत परत आला, रविवारच्या शर्यती सुरू आहेत.

पुरूचं म्हणणं साफ आहे — बाबा होते. माझं म्हणणंही साफ आहे — मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ म्हणजे ‘भूत’ नव्हे, हे मी घरात सगळ्यांना सांगून दमले. माझ्याकडे उत्तर नाही, आणि उत्तर नसताना एखादं उचलून चिकटवायला मी तयार नाही. कोणाला सुचलं तर कळवा. पण आधी तारेवरची पाकिटं बघून या, मग बोला.

त्या दिवशी मी त्याला ओवाळलं. तो जेवला, दोनदा भात घेतला. निघताना चपला घालता-घालता म्हणाला, “बाबांनीच सांगतलं समज. आपसात भांडू नका म्हणून.”

“अस्सं? मंग सही मागू नको.”

“तसं नाही सांगतलं त्यायनं.”

“माह्या नावाची गाडी घेऊन आले होते नं? तुह्या नावाची तर नाही घेतली. म्हणजे कोणाच्या बाजूचे?”

“तू तर मानतच नाहीस नं ताई?”

“मी नाही मानत. पण तू मानतेस तर नीट मान.”

झालं. तो एक पाय चपलेत घालून उंबऱ्यावर, मी आत ताट हातात घेऊन, आणि जमिनीवरून असे भांडलो की समोरचा पानठेलेवाला पान लावायचं सोडून ऐकत राहिला. विनायकराव मध्ये पडायला आले तर आम्ही दोघांनी मिळून त्यांनाच आत पाठवलं. सही मी केली नाही, वाटा त्यानं दिला नाही, आणि अंधार पडेपर्यंत दोघांपैकी कोणी उंबऱ्यावरून हललं नाही.