एकच काना

व्यापाऱ्याने दिलेल्या पत्र्यावर मी 'अ' इतका ऐसपैस कापला, की 'ट'पाशी पत्राच संपला. रिसोडात पेंटरची पाटी लावून वर्ष झालं होतं आणि हे पहिलं काम: पोत्यांवर मालाची नावं उमटवायला सगळ्या अक्षरांचे साचे. संध्याकाळपर्यंत दिले नाहीत, तर काम अकोल्याच्या पेंटरकडे जाणार होतं. त्यात पत्र्याचं दुकान बंद.

मी रडकुंडीला आलो. पतंगाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेली अक्षरं गोळा केली आणि चुलीत टाकायला निघालो. दारातल्या उन्हात हातातला गठ्ठा दिसला आणि थबकलो. ग, त, न, प, म, सगळ्यांचा काना एकावर एक येऊन काळाभोर झाला होता. म्हणजे तोच काना मी प्रत्येक अक्षराला नव्याने कापत होतो! बाकीचे कागदही कडा जुळवून उन्हात धरले. जे भाग पुन्हा पुन्हा येत होते, ते आपोआप गडद दिसले. 'व'चा गोल 'ब'मध्येही होता, 'क'मध्येही. तेवढे भाग एकेकदाच कापायचे आणि पोत्यावर जोडून अक्षर करायचं.

पण तेवढ्यालाही पत्रा कुठे होता? शेवटी पिठाच्या डब्याचं झाकण कापलं.

"अक्षरायचे तुकडे आणले काय हो?" व्यापारी म्हणाला. मी घाम पुसत 'मूग' उमटवून दाखवला. त्याने साचे ठेवून घेतले.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "एकच काना साऱ्यायले पुरला!"

ती डब्यात बघत म्हणाली, "मंग आता एकच झाकन साऱ्या डब्यायले पुरवून दाखवा. पिठात मुंग्या फिरून राह्यल्या."