रवीला शोधायचे शब्द

राजाजीनगरात कमला आणि तिचा भाऊ रविकिरण दोघंच राहत होते. कमला साठीची, विमा कंपनीतून निवृत्त झालेली. रवी सेहेचाळीसचा, अंगाने थोराड, पण त्याच्या शर्टाची बटणं कमलाच लावायची आणि दाढीही तीच करून द्यायची. घरात मराठी आणि बाहेर कन्नड बोलली जायची, पण त्याच्याकडे शब्द मोजकेच होते. अक्का, भात, गाडी, नको, आणि सरी, म्हणजे कन्नडमधलं 'बरं'. परक्याने नाव विचारलं की तो मान खाली घाली आणि शर्टाचं खालचं बटण फिरवत राही. आईवडील गेले, स्थळं येऊन परत गेली, आणि कमलाचं आयुष्य या पाच शब्दांभोवती बसून गेलं. तिला त्याचं कधी दुःख वाटलं नाही.

दर रविवारी ती त्याला यशवंतपूर स्टेशनवर नेई. प्लॅटफॉर्म तिकिटं काढून दोघं बाकावर बसत. इंजिन जवळ आलं की रवी दोन्ही हात मांड्यांवर आपटून हसायचा. चैत्रातल्या अशाच एका रविवारी त्याला तहान लागली म्हणून कमला नळावर बाटली भरायला गेली. नळाला रांग होती. ती परत आली तेव्हा बाक रिकामा होता आणि समोरून गाडीचा शेवटचा डबा सरकत होता.

रेल्वे पोलिसांनी कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. रवी गर्दीबरोबर सावकाश चालत जनरल डब्यात चढला होता. चढताना त्याने एकदा मागे वळून पाहिलं होतं. गाडी उत्तरेकडची होती. पोलिसांनी वाटेतल्या स्टेशनांना कळवलं. कमला स्वतः धर्मावरम, गुंतकल, रायचूर करून आली. फलाटांवर फोटो दाखवत फिरली. गुंतकलला दोन तास हिंडली, रिक्षावाल्यांना विचारलं, आणि पुढची गाडी पकडली.

वरच्या मजल्यावर संपदा भाड्याने राहायची. पुण्याची मुलगी, हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला. दुकानांच्या आणि कारखान्यांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणणं हेच तिचं काम होतं. कमला रायचूरहून आली त्या संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन खाली आली.

"मावशी, आपण रवीदादाची साइट करू. एकच पान. कुणाला तो दिसला आणि त्याने सर्च केलं, तर ते पान समोर यायला हवं."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मी शिकवते. साइट तुमच्या नावावर असेल, रोज तुम्हीच बघायची."

पान झालं. मथळा कमलाने सांगितला: 'आमचा लाडका रविकिरण'. त्याखाली फोटो आणि फोन नंबर. संपदाने मथळा वाचला.

"मावशी, एक सांगू? लोक शोधताना जे शब्द टाइप करतात त्यांना कीवर्ड म्हणतात. आपण आपल्या माणसाला काय म्हणतो ते नव्हे, शोधणारा काय म्हणेल ते. ज्याला दादा भेटेल त्याला त्याचं नाव कुठे माहीत असणार? तो डोळ्यांना दिसेल ते टाइप करेल. वय, शर्ट, बोलता न येणं..." ती अडखळली. "आणि मतिमंद."

कमला उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आतूनच म्हणाली, "रवीला नाव आहे."

त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. रवी सहा वर्षांचा असताना मल्लेश्वरमच्या एका लग्नात कुणीतरी पंगतीत तो शब्द बोललं होतं, दुष्टपणाने नव्हे, सहज. वडील भरल्या पानावरून उठले आणि रवीला कडेवर घेऊन घरापर्यंत चालत आले. त्यानंतर त्या नातेवाइकांकडे जाणंयेणं राहिलं नाही. कमलाने तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपल्या तोंडून हा शब्द निघणार नाही. संपदाला हे सगळं माहीत नव्हतं, पण पाठमोऱ्या कमलाला पाहून तिने विषय सोडून दिला.

बाकीचं मात्र कमला मन लावून शिकली. पान लिहिलं म्हणजे लगेच दिसतं असं नाही, हे तिला आधी कळलं. सर्च इंजिनचा क्रॉलर नावाचा एक प्रोग्रॅम साइट वाचत फिरतो. तो आपल्या पानावर येऊन जाईल, मग त्याची नोंद होईल, त्याला इंडेक्स होणं म्हणतात. तोवर पान असून नसल्यासारखं. पैसे भरून जाहिरात वर आणता येते, पण पैसे थांबले की तीही थांबते. जे पान आपल्या बळावर वर येतं ते ऑर्गॅनिक, आणि त्याला वेळ लागतो.

"किती वेळ?" कमला विचारायची.

"महिने लागतात, मावशी."

कमला रोज सकाळी देवापुढे दिवा लावून झाला की साइट उघडायची. फोन वाजला की धावायची. बहुतेक फोन ओळखीच्यांचे असत. चौकशी करून ठेवून देत. रविवारी ती यशवंतपूरला जायची आणि त्याच बाकावर बसायची, न जाणो तो गाडीतून उतरला तर.

पावसाळा सरला, दिवाळी गेली. एका सुट्टीच्या दुपारी संपदाने तिला साइटचा अहवाल उघडून दाखवला. पान सर्चमध्ये कितीदा दिसलं ते इम्प्रेशन, त्यावर बोट ठेवून कितीजण आत आले ते क्लिक. आणि कोणत्या शब्दांवरून आले, तेही त्यात होतं.

कमलाने चष्मा लावून वाचलं. 'रविकिरण राजाजीनगर'. 'रविकिरण कमला'. 'कमलाक्का भाऊ रवी'. बस, एवढंच फिरून फिरून.

"म्हणजे हे सगळे आपलेच," ती म्हणाली.

"हो."

"ज्यांना तो हरवलाय हे ठाऊक आहे, तेच बघतायत."

कमलाने अहवाल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग तिने लॅपटॉप संपदाकडे सरकवला आणि म्हणाली, "लिही. मी सांगते."

तिने सांगितलं. संपदाने मथळ्याच्या जागी लिहिलं: बेपत्ता, मतिमंद पुरुष, वय सेहेचाळीस, कमी बोलतो, यशवंतपूरहून रेल्वेत चढला. मथळ्याखाली सर्चमध्ये दोन ओळी दिसतात, त्यांना डिस्क्रिप्शन म्हणतात. त्यात कमलाने सांगितलं की तो 'अक्का' म्हणतो, गाडी पाहिली की हसतो, नाव विचारलं की बटण फिरवतो. मशीनला फोटो दिसत नाही, म्हणून फोटोमागे त्याचं वर्णन लिहावं लागतं. ऑल्ट टेक्स्ट. "निळ्या चौकड्यांचा शर्ट," कमला सांगत होती, "डाव्या भुवईवर जुना व्रण, केस पुढून विरळ." आपल्या भावाकडे आपण रस्त्यावरच्या परक्या माणसासारखं बघतोय हे तिला जाणवलं. तरी ती थांबली नाही. तोच मजकूर कन्नडमध्ये तिने स्वतः लिहिला, तेलुगूत संपदाच्या ऑफिसातल्या एकाने करून दिला.

मग बॅकलिंक. दुसऱ्या एखाद्या विश्वासाच्या साइटने आपल्या पानाचा दुवा दिला की सर्च इंजिन आपल्याला मानायला लागतं. कुणी शब्द टाकला की आपलं वजन वाढतं, तसंच. त्यासाठी कमला अशा मुलांच्या पालकांच्या एका संस्थेत गेली. घराजवळच असलेल्या त्या इमारतीची पायरी ती आजवर चढली नव्हती. तिथे जमनाबाई म्हणून एक बाई होत्या, पस्तिशीच्या मुलीची वेणी घालत बसलेल्या. कमलाने चाचरत सांगितलं. जमनाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझी हीसुद्धा मतिमंद आहे. बसा ना." इतक्या साधेपणाने, जशी कुणी मुलीची इयत्ता सांगावी. कमला त्यांच्याशेजारी बसली आणि पहिल्यांदाच परक्यांसमोर रडली.

त्या संस्थेने दुवा दिला. मराठी मंडळाने दिला. रेल्वेची हौस असलेल्या लोकांच्या एका साइटनेही दिला. पान हळूहळू वर सरकू लागलं, आणि संक्रांतीनंतर एका सकाळी फोन आला.

बाईचा आवाज होता, सीमेवरची कन्नड. गुंतकलच्या एका निवाऱ्यातून अंजनम्मा बोलत होती. "अम्मा, तुमचं पान पाहिलं. त्यांच्या डाव्या भुवईवर खूण होती?"

"आहे," कमला म्हणाली. "आहे, आहे. मी येते, आज निघते. त्याला सांगा अक्का येतेय."

अंजनम्मा हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, इथे होते ते."

कमलाने ते 'होते' ऐकलं. निघण्यासाठी उचललेली पिशवी तिने खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी राहिली.

दिवाळीच्या आधी रवीला ताप आला होता. छातीत कफ झाला, सरकारी दवाखान्यात दाखल केलं, चार दिवसांत तो गेला. पोलिसांनी वाट पाहिली, वर्तमानपत्रात फोटो दिला, कुणी आलं नाही. शेवटचं सगळं निवाऱ्याच्याच लोकांनी केलं.

संपदा रजा काढून तिच्याबरोबर गेली. निवारा रेल्वेलाइनीच्या अगदी जवळ होता. अंजनम्माने त्याची झोपायची जागा दाखवली, बाहेरची भिंत दाखवली. गाडीचा आवाज आला की तो त्या भिंतीशी जाऊन उभा राही. त्याचं नाव कुणाला कळलं नाही, म्हणून सगळे त्याला रैलप्पा, म्हणजे रेल्वेचा अप्पा, म्हणत. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाला होता, त्यावरून सगळा निवाराच तिला अक्का म्हणू लागला. ती बाई पदराला हात पुसत बाहेर आली. कमलाच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "दहीभात आवडायचा. दोनदा मागायचा."

"हो," कमला म्हणाली. "दोनदाच."

निघताना अंजनम्मा गेटपर्यंत आली. "आम्ही पुष्कळ शोधलं, अम्मा. ते आले त्या आठवड्यात, मग पावसाळ्यात पुन्हा. फोनवर टाकलं, मतिमंद, बेपत्ता, अक्का म्हणतो. तेव्हा काही आलं नाही. आता नवीन एक आजोबा आलेत, त्यांच्यासाठी शोधताना तुमचं पान पुढे आलं."

कमलाने तो शब्द तेव्हा लिहू दिला नव्हता हे तिला माहीत नव्हतं. तिने सांत्वनाच्या हेतूनेच सांगितलं होतं.

परतीच्या गाडीत कमला खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "संपदा, तू म्हणालीस तेव्हाच मी तो शब्द लिहिला असता तर?"

"साइट नवी होती, मावशी. तेव्हा शब्द असते तरी पान वर आलं नसतं."

"नक्की?"

संपदा खोटं बोलू शकली असती. तिने कमलाचा हात धरला आणि म्हणाली, "नक्की सांगता येत नाही."

कमलाने मान हलवली. हात सोडवून घेतला नाही.

दिवसवार झाल्यावर संपदाने विचारलं, "पान काढून टाकू?"

"नको. बदलू."

कमलाने स्वतः टाइप केलं. मथळ्यात फक्त 'रविकिरण'. खाली लिहिलं की तो हात मांड्यांवर आपटून हसायचा, झोपताना बहिणीचा पदर धरायचा, आणि विजेचं इंजिन कोणतं, डिझेलचं कोणतं ते डोळे मिटून ओळखायचा आणि खुणेने सांगायचा. शेवटी गुंतकलच्या लोकांचे आभार. वय नाही, व्रण नाही, शर्ट नाही. फोन नंबर तेवढा तसाच राहू दिला.

"असं कुणी शोधत नाही, मावशी," संपदा हळूच म्हणाली. "हे पान कुठेच दिसणार नाही."

"नाही दिसलं तर नाही दिसलं."

पण क्रॉलर अजून परत आलेला नव्हता. सर्चमध्ये काही दिवस जुनाच मथळा दिसत राहिला आणि फोन येत राहिले. एकदा अरसीकेरेच्या एका चहावाल्याचा आला. "अक्का, तुमच्या वर्णनाचा एक माणूस स्टेशनबाहेर बसलाय. बोलत नाही. स्वल्प, जरा येऊन बघून जा."

कमलाने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आपण एवढंच म्हणावं की येते, आणि उठून गाडीत बसावं. ती क्षणभर खरोखरच उठली. मग परत बसली.

"आमचा सापडला, अण्णा," ती म्हणाली. "पण तुम्ही फोन ठेवू नका. काही खाल्लंय का त्यांनी?"

"बन दिला. चहा पितायत."

"सरी. त्यांना एकटं सोडू नका. एकशे बाराला फोन लावा, आणि कुणी येईपर्यंत जवळ बसा. त्यांच्या माणसांना शोधू. आता मला सांगा, त्यांनी काय घातलंय? एखादा तरी शब्द निघतो का तोंडून? कोणता?"

चहावाला सांगू लागला, आणि कमला ते सगळं कानात साठवत राहिली.