बाईसाठी साफ केलेलं पोट

आनंदाबाई माही मोठी बहीण. आम्ही सारे तिले बाई म्हणतो. जाम गावच्या चौरस्त्यावर तिनं बावीस वर्षं तर्री-पोहे विकले. ट्रकवाल्यानं गाडीतूनच हॉर्न मारला का ही कढईपासून वरडे, "उतर ना बाप्पा! तुह्या केबिनमधी येऊन वाढू काय?" तोंडाची फटकळ, पण उपाशी माणूस तिनं कधी माघारी धाडला नाई.

चार वर्षांआधी तिच्या मोठ्या आतड्यात जखमा झाल्या. दिवसातून पंधरा वेळा संडास, त्यात रक्त. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाले, वजन निम्म्यावर आलं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं, आतडं काढा लागन, पोटावर पिशवी बसवा लागन, मैला तिच्यातच येईन. बाई तिथंच रडली.

"पिशवीवालीच्या हातचं कोण खाईन रे प्रेमदास? त्यापेक्षा मले मरू दे."

त्याआधी एक उपाय करून पाहू, डॉक्टर म्हणे. निरोगी माणसाचा संडास घ्याचा, गाळाचा, अन् दुर्बिणीतून तिच्या आतड्यात सोडाचा. त्यातले चांगले जंतू तिथं रुजले त फरक पडू शकते; खात्री नाई. भाऊजीले शुगर, भाच्याले कावीळ होऊन गेलती. उरलो मी, धट्टाकट्टा. रक्त-बिक्त तपासलं, सारं बरोबर निघालं. एका कागदावर सही घेतली अन् पंधरा दिवसांनी बोलावलं.

आता माही अक्कल पाहा! भाऊबीजेच्या लुगड्यावर एवढासा डाग मले चालत नाई. अन् आता मी सख्ख्या बहिणीले काय देऊन राह्यलो? घाण! जीवच मानेना. बायको म्हणे, निदान पोट तरी साफ करून जा. मले पटलं. मेडिकलवाल्याले म्हटलं, पोटातले सारे जंतू मरतीन असं काई दे. त्यानंही काऊन म्हणून विचारलं नाई, कडक गोळ्या दिल्या. पाच दिवस घेतल्या. वरतून एरंडेल.

ठरल्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, "मध्ये काही औषध घेतलं?"

मी छाती फुगवून म्हटलं, "घेतलं न साहेब! एक जंतू ठेवला नाई."

त्यानं पेन खाली ठेवला. "अहो, तेच जंतू हवे होते आम्हाला! आता तीन महिने तुमचं चालणार नाही. कागदावर लिहिलं होतं ना?"

कागद वाचला होता कोण बेट्यानं? बाई बाजूलेच बसून होती. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या त बरं वाटलं असतं मले.

दुसरा माणूस शोधतच होतो, तेवढ्यात दीड महिन्यानं रक्त असं सुरू झालं का थांबेनाच. बाई घरात चक्कर येऊन पडली. आतडं काढलं. पिशवी बसली.

मागच्या सोमवारी दवाखान्यातून फोन. कोणीतरी यादीतलं नाव कापाचं विसरलं असन. "तुमचे तीन महिने झाले, येता का?" मी म्हटलं, "आता कोणाले देऊ?" अन् तसाच जामले गेलो. टपरी बंद होती. बाई ओसरीत बसून होती.

"बाई, भूक लागली. पोहे कर."

तिनं सुनेले हाक मारली, "याले काई दे वं खायले."

"तुह्या हातचं पायजे."

बाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "हट्ट नको करू, बाप्पा. माह्या हातचं आता मलेच खावत नाई."