कामरेजचा पत्ता

त्या केसची आठवण मला काढावी लागत नाही. ती आपणहून येते, आणि आली की लवकर जात नाही. चौतीस वर्षं गुजरात पोलिसांत काढली. खून, दरोडे, हजीऱ्याच्या कारखान्यांतल्या चोऱ्या, सगळं पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. ही तर साधी मिसिंगची केस होती. कागदावर गुन्हा म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. जे चुकलं ते माझ्या हातून चुकलं, म्हणून लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही.

निवृत्तीआधी काही वर्षं मी सुरतच्या एका पोलीस स्टेशनला पीआय होतो. सकाळची हजेरी आटोपून समन्स वाटून देत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका माणसाला माझ्याकडे पाठवलं. पन्नाशीचा, कोसाडच्या खानदेशी वसाहतीत राहणारा, डाईंग मिलमध्ये बॉयलरवर काम करणारा. अंमलदार गुजराती आणि हा अर्धी हिंदी, अर्धी अहिराणी बोलणारा. दोघांचं काही जमेना. माझं मूळ गाव खानदेशातलं, हे त्या वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याने टेबलावर एक फोटो ठेवला. पांढरा कोट घातलेली मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे बर्फ.

"मनी पोर शे, साहेब. परदेशमा डाक्टरी शिकस. बारा दिन व्हई ग्यात, फोन नई."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली. मुलगी तिसऱ्या वर्षाला. त्या देशातलं तेच कॉलेज का निवडलं, असं विचारलं तर म्हणाला, आपल्या समाजाची आणखी चार पोरं तिथेच चालली होती, पोरगी एकटी पडायला नको. एवढंच कारण. लग्नाला मुलगी देताना हाच बाप चार गावं पालथी घालून चौकशी करून आला असता. इथे मात्र 'आपली माणसं आहेत ना' म्हटल्यावर चौकशी संपली. समाजाच्या वाडीत, म्हणजे सभागृहात, एका एजंटने सभा घेतली होती. वसाहतीत त्याला सगळे 'सर' म्हणत. सरांनी सांगितलं होतं, तिकडे सहा वर्षं काढायची, मग परत येऊन इथे एमडी करायचं, तेही आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. बापाच्या मनात हे सिव्हिल पक्कं बसलं होतं. बायको घरी साड्यांना टिकल्या लावायची, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिथेच झालं होतं. पैसे कुठून उभे केले ते मी विचारलं नाही. ते त्याच्या अंगावरच्या कपड्यांवरून कळत होतं.

मी जाणवाजोग, म्हणजे गुन्हा न लावता नुसती दप्तरी, नोंद केली आणि मुलीचा पासपोर्ट नंबर घेऊन, ती देशात आली-गेली का हे कळावं म्हणून वर पत्र पाठवलं. अशा पत्राची उत्तरं आरामात येतात. त्याआधी बातमीदाराचा फोन आला. हा रिक्षावाला कोसाडचाच, सुरतबाहेरच्या कामरेजच्या भाड्याला नेहमी जाणारा. म्हणाला, "साहेब, वो लडकी को मैंने परसों कामरेज में देखा. युनिफॉर्म में थी, दूसरी छोकरियों के साथ."

बापाला मी हे, गावाचं नाव न घेता, अर्धवट सांगून पाहिलं. तो खवळला. मी कुणाच्या पोरीला कुठे पाहिलं म्हणतो आहे, याची मला लाज वाटली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी सरांना बोलावणं धाडलं.

सर इस्त्रीच्या शर्टात, हातात फाईल घेऊन आले. मी एवढंच म्हणालो, "ती मुलगी कॉलेजात नाही." ज्याला खरंच माहीत नसतं तो अशा वेळी विचारतो, काय झालं? सरांनी विचारलं, "कोणी सांगितलं तुम्हाला?" चोराच्या मनात चांदणं. मग मी काही बोललोच नाही. फाईल उघडून एकेक पान सावकाश चाळत बसलो. माझा अनुभव असा, की बोलून जगणाऱ्या माणसाला शांतता सोसत नाही. पंधरा मिनिटांत सर घामाघूम झाले आणि सगळं बाहेर आलं.

मुलगी दहा महिन्यांपूर्वीच भारतात परत आली होती. आल्या आल्या ती सरांकडे जाऊन भांडली होती. या पदवीवर इथे काहीच होत नाही हे तुम्हाला माहीत होतं, मी सगळ्या पालकांना सांगेन, असं म्हणाली होती. सरांची पुढची बॅच भरायची होती. त्यांनी उलट दम दिला, मग मीही तुझ्या बापाला सांगतो की तू पळून आलीस. दोघांचेही हात दगडाखाली. तिने पालकांना काही सांगायचं नाही, यांनी बापाला काही सांगायचं नाही, असा सौदा झाला. तेव्हापासून ती तिकडच्याच नंबरावरून घरी बोलत होती. तो नंबर बंद पडला आणि फोन थांबला.

साध्या वेशातली महिला कॉन्स्टेबल सोबत घेऊन मी कामरेजला गेलो. हायवेपासून आत एक नर्सिंग स्कूल होतं आणि मागेच त्यांचं होस्टेल. मुलगी आली. फोटोतल्यापेक्षा बारीक दिसत होती. आम्हाला पाहताच ती समजली. आधी गुजरातीत बोलली, मग माझ्या तोंडून मराठी ऐकल्यावर मराठीत.

"पप्पा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तू का आलीस ते सांग, बेटा."

तिने सांगितलं ते मी तेव्हा प्रथमच ऐकत होतो. वर्गात प्राध्यापक त्यांच्या भाषेत बोलणार, दुभाष्या त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करणार. हॉस्पिटलमध्ये पेशंटला हात लावायची परवानगी नाही. हेही तिने सहन केलं असतं. पण तिसऱ्या वर्षाला तिला कळलं, की परदेशी मुलांना मिळणाऱ्या त्या पदवीवर त्याच देशात डॉक्टरकी करता येत नाही. "आणि जिथली डिग्री तिथेच चालत नाही, काका, तिच्यावर इथल्या स्क्रीनिंग परीक्षेला बसू देत नाहीत. ती परीक्षा नाही तर नोंदणी नाही. नोंदणी नाही तर एमडी कुठलं? पप्पांना वाटतं मी सिव्हिलमध्ये लागणार."

"मग घरी का नाही गेलीस?"

"रिकाम्या हाताने गेले तर ते मला परत तिकडेच पाठवतील. लोकांना काय सांगणार ते? इथे पहिलं वर्ष संपत आलंय. परीक्षेला तीन महिने आहेत. पास झाले की निकाल घेऊन मी स्वतः जाईन. नर्स तर नर्स, पण खरी." मग म्हणाली, "काका, तेवढा वेळ द्या मला. पत्ता सांगू नका."

मी तिचा जबाब घेतला, तो असा: मी सज्ञान आहे, स्वखुशीने राहते, माझा ठावठिकाणा घरच्यांना कळवू नये. तिने वाचून सही केली. अशा जबाबानंतर पोलिसांचं काम सोपं असतं. अर्जदाराला सांगायचं, मुलगी सुखरूप आहे, बाकी काही सांगता येत नाही, आणि नोंद बंद करायची. शेकडो वेळा हे केलं होतं.

बापाला मी तसंच सांगितलं. तो उठला नाही. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. ती नुसती माझ्या टेबलाकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तो मिल बुडवून पुन्हा आला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"तुम्ही आपला मानूस शेतस, साहेब. एकदाव तिनं तोंड दखू द्या. मी तिले काही बोलणार नई."

मलाही मुलगी आहे. मी म्हणालो, "कामरेजला आहे. नर्सिंगच्या होस्टेलवर."

त्या क्षणी मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं. घरी जाऊन बायकोला तसं सांगितलंसुद्धा. बाप पोरीला जवळ घेईल, रडारड होईल, झालं गेलं विसरतील, असं चित्र मी मनाशी रंगवलं होतं. माणसं ओळखण्याचा पगार घेणाऱ्याने इतकं भाबडं असू नये.

दोन दिवसांनी होस्टेलच्या मॅडमचा फोन आला. बाप, दोन चुलते आणि सर स्वतः, असे चौघे गाडी घेऊन आले होते आणि मुलीला घेऊन गेले. मी महिला कॉन्स्टेबलला लगेच कोसाडला पाठवलं. मुलगी घरातच होती. सगळ्यांच्या देखत तिने सांगितलं, "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." तसा जबाब झाला. पंधरवड्यात सरांनी कॉलेजात तिची जागा परत मिळवून दिली आणि ती विमानात बसली. पदवी चालत नाही हे तिने बापाला सांगितलं होतं. बापाने सरांना विचारलं. सर म्हणाले, नियम काय, बदलत असतात. पोरीपेक्षा सरांवर त्याचा जास्त विश्वास बसला, कारण पोरीने वर्षभर खोटं बोलून दाखवलं होतं.

सरांवर गुन्हा दाखल व्हावा म्हणून मी त्या चार पोरांच्या घरी फिरलो. एकानेही फिर्याद दिली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पासपोर्टच्या पत्राचं उत्तर सगळं संपल्यावर आलं. मी ते फाईलला लावलं आणि नोंद बंद केली. शेरा लिहिला, 'मिळून आली.'

पुढे मी निवृत्त झालो. एके दिवशी कोसाडहून निमंत्रण आलं. वसाहतीतली पहिली डॉक्टर, समाजातर्फे सत्कार, आणि प्रमुख पाहुणा मी. टाळायला हवं होतं, पण गेलो. स्टेजवर शाल आणि नारळ माझ्याच हातून द्यायला लावले. ती माझ्या पाया पडायला वाकली. टाळ्यांच्या आवाजात मी विचारलं, "आता पुढे?"

"पुढे काय, काका. परीक्षेचा अर्ज नामंजूर झाला. परत नर्सिंगला जाते म्हटलं, तर पप्पा म्हणतात, डॉक्टर झालेली पोर नर्स कशी होईल?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पोलिसात असताना मी समजत होतो की सज्ञान माणसाचा पत्ता न देण्याचा नियम वाईट लोकांसाठी आहे, मारकुट्या नवऱ्यांसाठी, सूड घेणाऱ्या भावांसाठी. तो नियम माझ्यासारख्यांसाठीही आहे, हे मला फार उशिरा कळलं. दया आली की आपण दुसऱ्याची गोष्ट आपलीच समजून वाटून टाकतो. तीन महिने तिने मागितले होते. माझ्या खिशातून काही जाणार नव्हतं.

बाप अजून मला फोन करतो. महिन्या-दोन महिन्यांनी, बहुतेक रविवारी. आधी तब्येत विचारतो, मग हळूच विषयावर येतो. "साहेब, सिव्हिलमा तुमनी वळख शे ना? पोरनं एमडीनं दखा ना जरा." ते कधीच होणार नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. त्याला सांगावं असं दर वेळी मनात येतं, पण जीभ उचलत नाही. मी "बघतो" म्हणतो, आणि तो मनापासून माझे आभार मानतो.