टाकीत उरलेलं पाणी

आमच्या सुपे गावात नळाला पाणी आलं की पिंपात सोडलेल्या नळीच्या ओल्या रबराचा वास येतो आणि मला वीस वर्षांपूर्वीची ती बोट आठवते.

मुलीने हौसेने आम्हा दोघांना सेशेल्सच्या बेटांमधून शिडाच्या बोटीच्या आठवडाभराच्या सफरीवर पाठवलं होतं. दोन माणसांच्या दिमतीला कप्तान आणि दोन खलाशी! पांढऱ्या गणवेशातला कप्तान रोज सकाळी सलाम ठोकायचा, तेव्हा मला शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटायचं. गोडं पाणी टाकीत आहे तेवढंच, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. टँकरची वाट बघत संसार केलेली माझी बायको, सुमन, नुसती हसली. सहा दिवस आम्ही अर्ध्या बादलीत आंघोळी उरकल्या.

शेवटच्या दुपारी टाकी बघून कप्तान चकित झाला. "एवढं पाणी कुणाचंच उरत नाही. आता मनसोक्त वापरा." सुमन साडीसकट डेकवरच्या नळीखाली उभी राहिली. पन्नाशीची बाई, केस मोकळे सोडून.

"अहो, या ना! इथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"तूच भिज. दोघांनी कशाला पाणी वाया घालवायचं?"

"मास्तर, आज शाळेला सुट्टी हाय!"

भाषा न कळताही खलाशी हसले. मी टोपी सारखी करून पुस्तकात डोकं घातलं.

सुमनला जाऊन तीन वर्षं झाली. एकट्याला पाणी संपतच नाही. आज पिंप भरून वाहू लागलं, पाणी माझ्या पायांपर्यंत आलं, तरी मी नळ बंद करायला उठलो नाही.