धुऱ्यापलीकडून

माझ्या आणि शेजाऱ्याच्या वावरांमध्ये एकच धुरा आहे, मातीचा बांध. गेल्या साली त्याच्या हरभऱ्याला मूळकूज लागली, वावराच्या मधोमधून झाडं पिवळी पडून वाळत गेली, तेव्हापासून त्याने माझ्या वावरात पाय ठेवला नाही. ती बुरशी मातीत राहते आणि चपलेला चिकटून दुसऱ्याकडे जाते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. रोज धुऱ्यावर उभं राहून तो विचारायचा, "बैल बरे हायेत? लेकरं बरे हायेत?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "अन् हरभरा?"

चहाला बोलावलं तर म्हणायचा, "नको भाऊ, माह्या पायाचा भरोसा नाही." मग मलाच कप धुऱ्यापर्यंत न्यावा लागे. कधी हसू यायचं, कधी राग. पण त्याची पाठ वळली की मी एखादं झाड उपटायचो आणि मुळाची साल नखाने काढून बघायचो. आत पांढरं दिसलं की जीव भांड्यात पडायचा.

यंदा हरभरा फुलावर असताना एका सकाळी तो आला आणि काहीच न विचारता उभा राहिला. माझ्या पाठीमागे, वावराच्या मधोमध बघत राहिला. मला वळून बघायचा धीर झाला नाही.

मग चपलांना त्याच्या वावराची ओली माती तशीच असताना तो धुरा ओलांडून आत आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "दे भाऊ चहा. आज इथंच पेतो."